बाजाराच्या दिवशीची झोळी

मागच्या महिन्यात अन्वीनं टोरांटोहून फोनवर विचारलं, "आजी, तुझा दवाखाना तर फुकट होता. अपॉइंटमेंटसुद्धा घ्यावी लागत नव्हती. मग लोक यायचे का नाहीत?" तिथं त्यांना डॉक्टरांसाठी आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं, म्हणून तिला हे नवल. मी म्हटलं, याचं उत्तर फोनवर मावणार नाही. तेवढ्यात या अंकासाठी लिहाल का अशी विचारणा झाली. तेव्हा नातवंडांनो, अन्वी आणि मिहिर, हे तुमच्यासाठी. बाकीच्या वाचकांनी शेजारच्या घरातलं बोलणं कानावर पडावं तसं ऐकावं. मिहिरला मराठी अक्षरं जुळवायला वेळ लागतो. त्यानं घाई करू नये.

दारव्हा तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी सिस्टर होते. गावाचं नाव सांगत नाही, आणि माणसांची नावंही बदलली आहेत. माझे वडील यवतमाळच्या कचेरीत होते. त्यांनी हौसेनं मला इंग्रजी शाळेत घातलं. पुढे मी नर्सिंगला गेले तेव्हा घरात कुणी धड बोलेना. त्या इंग्रजीचा उपयोग झाला तो एवढाच, की डॉक्टर इंग्रजीत बोलत ते मी पेशंटला मराठीत सांगायची, आणि पेशंट जे बोलत नसे ते डॉक्टरांना इंग्रजीत. यातलं दुसरं काम अवघड होतं. तीस वर्षं केलं, तरी ते पूर्ण जमलं असं म्हणवत नाही.

आमच्याकडे गर्दीचा एकच दिवस, बाजाराचा. त्या दिवशी मजूर शेतात जात नाहीत. मीठ-मिरची, बांगड्या, चप्पल दुरुस्ती, आणि त्यातच दवाखाना. भाजी घेतल्यावर पिशवीत जागा उरली तर दुखणं. तेही सरळ सांगायचं नाही. बाई नातवाला घेऊन येणार, "पोराले सर्दी झाली" म्हणणार. पोराला औषध दिलं, पोरगं उड्या मारत बाहेर गेलं, तरी बाई दारातच उभी. मग मी पडदा ओढायची आणि म्हणायची, "आता तुमचं सांगा." नव्या सिस्टर आल्या की मी त्यांना हे पहिल्यांदा शिकवायची. स्टुलावर बसलेल्याला तपासाच, पण त्याच्यासोबत आलेल्याकडेही बघा.

पुरुषांची तऱ्हा निराळी. त्यांच्याजवळ तारखा असत. सोयाबीन निघू द्या, कापूस घरात येऊ द्या, पोरीचं लग्न होऊ द्या. एक बँडवाला होता, क्लॅरनेट वाजवायचा. खालच्या ओठाला आत एक चट्टा. मी पाहिला आणि म्हटलं, "हे यवतमाळला दाखवा, या आठवड्यात." तो हसला. "सिस्टर, लग्नसराईत ओठ कोनाले दाखवू? ओठ त नवरदेवाच्या मालकीचा आहे." माणूस गमत्या होता. तो पावसाळ्यात आला तेव्हा त्याला हसता येत नव्हतं. त्याची आठवण मी फार काढत नाही, पण गावात वरात निघाली की ती आपली येतेच.

आता गयाबाईचं सांगते, कारण अन्वीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ तेच आहे.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्यात शहरांतून गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे, आणि जो तो शेताच्या मालकाशी बोलून जायचा. कापूस वेचणाऱ्या बायांशी बोलायला कुणी थांबल्याचं मी पाहिलं नाही. वेचणी म्हणजे काय, हे तुम्हा पोरांना माहीत नसणार. बाया जुन्या लुगड्याची झोळी पोटावर बांधतात, दोन्ही हातांनी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, बोंडांतला कापूस काढत ओळीनं पुढे जातात आणि झोळीत भरतात. दुपारपर्यंत सगळ्या जणी दिवस भरत आलेल्या बायकांसारख्या दिसायला लागतात. यावरून त्यांच्यात थट्टाही फार चालते.

एका बाजाराच्या दिवशी एक म्हातारी खोकत आत आली. तिचा हात धरून सून आली, ती गयाबाई. चाळिशी ओलांडलेली, अंगानं वाळकी. नवरा तापानं गेलेला, मूलबाळ नाही. सासू-सुना दोघीच राहत. डॉक्टरांनी म्हातारीची छाती तपासली. छाती अगदी साफ. मी औषधाची चिठ्ठी देऊन गयाबाईला खिडकीकडे पाठवलं. ती नजरेआड होताच म्हातारीचा खोकला थांबला.

"सिस्टरबाई," तिनं माझा हात घट्ट धरला, "मले काई खोकला नाई. हिच्या पोटाकडे पाहा. मोठं होऊन राह्यलं. मी सांगतलं असं म्हनू नोका."

"तुम्हीच का नाही विचारत तिला?"

"कशी इचारू? मी इचारलं का तिले वाटन, सासूनं शक घेतला. मंग थे माह्या घरात एक घास खानार नाई."

गयाबाई औषध घेऊन परतली, आणि मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या पोटावर वेचणीची झोळी बांधलेली होती. बाजाराच्या दिवशी! त्या दिवशी कुणी बोंडाला हात लावत नाही. झोळीत थोडा कापूसही होता, चुरगळून मळलेला, कितीतरी दिवस आतच ठेवलेला.

मी म्हटलं, "गयाबाई, तुमचं ब्लडप्रेशर बघून ठेवू या, आल्याच आहात तर." पट्टा बांधता बांधता हळूच म्हटलं, "झोळी जड होत असेल, सोडून ठेवा."

"सवय आहे," ती म्हणाली. तिनं दोन्ही हात झोळीवर ठेवले आणि ते काही काढले नाहीत.

पुढच्या बाजाराला मी तिला सासूच्या गोळ्यांच्या निमित्तानं बोलावलं आणि पडदा ओढला. फार वेळ लागला. शेवटी तिनं झोळी सोडली. पोट चांगलंच वर आलेलं, ताणलेलं, गोल. मी हात ठेवला. बाळंतपणं मी पुष्कळ पाहिलेली. हे बाळ नव्हे, असं माझा हात सांगत होता, पण हाताचं म्हणणं पुरेसं नसतं. आमचे डॉक्टर तरुण, स्वभावानं चांगले, पण समोर रांग लागलेली. त्यांनी पडद्याआड डोकावून मला म्हटलं, "विडो? रूल आउट प्रेग्नन्सी फर्स्ट." वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच होतं ते. पोट वाढलेल्या कुठल्याही बाईच्या तपासणीचं ते पहिलं पाऊल. पण त्यातला एक शब्द आता खेड्यातही सगळ्यांना कळतो. गयाबाईनं लुगडं नीट केलं, झोळी बांधली आणि उठली.

"गयाबाई, लघवीची साधी तपासणी आहे. मी स्वतः करते. कुणाला कळणार नाही."

"तुमाले त कळलं ना," ती म्हणाली, "का तपासाले लागते म्हनून." मग दाराशी थांबून, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "होत होतं तवा झालं नाई, सिस्टरबाई. सतरा देवाइले नवस केले. आता पोट आलं."

तरी सासूच्या आडून, समजावून, मी तिला दारव्ह्याला सोनोग्राफीला जायला तयार केलं. ती गेली, आणि न करताच परत आली. का, ते मला नंतर कळलं. सोनोग्राफीच्या जागी भिंतीवर मोठी पाटी असते, इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. शेजारी गुटगुटीत बाळांचे फोटो. बाकांवर सगळ्या पोटुशा, सोबत त्यांचे नवरे आणि आया. त्या बाकावर कुंकू नसलेली गयाबाई जाऊन बसली. बाजूच्या बाईनं सहज विचारलं, "कितवा मैना?" ती उठली आणि मिळेल त्या जीपनं गावी आली. त्यानंतर दवाखान्याकडे फिरकेना.

एका रविवारी मी तिच्या गावी गेले. म्हातारीच्या गोळ्या हे निमित्त होतंच. म्हातारी खाटेवर बसली होती. तिनं बोटानं शेताची दिशा दाखवली.

मी शेतात पोहोचले तेव्हा वेचणाऱ्या बायांची टोळी भाकर खायला बसली होती. बाभळीच्या सावलीत सगळ्या गोल करून, आणि गयाबाई एकटी बांधाच्या पलीकडे. टोळीत शेवंताबाई म्हणून एक होती, सगळ्यांत मोठी. कुणी कुठली ओळ धरायची ते ती ठरवायची. मला पाहून ती मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "गया, सिस्टर आली वं तुह्यी. आता त झोळी उतरव! का घरी बी रातचा कापूस वेचतं?" दोघी-तिघी हसल्या. बाकीच्या आपापल्या भाकरीकडे पाहत राहिल्या.

मी गयाबाईजवळ जाऊन बसले. म्हटलं, "पोटात गोळा आहे, असं मला वाटतं. असा गोळा काढता येतो. ठेवला तर एक दिवस त्याला पीळ पडेल, नाहीतर फुटेल. मग धावपळ करूनही उपयोग होणार नाही. यवतमाळला बाईडॉक्टर आहेत. मी सोबत येते. गुपचूप जाऊ, गुपचूप येऊ."

ती बराच वेळ मातीतल्या सरक्या वेचत राहिली. मग एकदम माझ्यावर उखडली.

"गुपचूप? तुमी शिकल्यासवरल्या बाया, तुमाले एवढं कळत नाई? आज मी पोट घेऊन फिरते, त लोकं नुसते बोलतेत. उद्या गुपचूप जाईन अन् पोट सपाट करून येईन, त काय म्हनतीन? पाडून आली म्हनतीन! आता आहे थो संशय. मंग थे खरंच होऊन जाईन. मेली त बरं, मेल्यावर त पोट कोनी मोजत नाई."

गोळ्याची भीती तिला नव्हतीच. ऑपरेशनचीही नव्हती. तिला भीती होती ती बरं होऊन परत येण्याची. मी दवाखान्यात इतकी वर्षं काढली होती, पण बरं होणंही एखाद्याच्या अंगाशी येऊ शकतं, हे मला त्या बांधावर कळलं.

"मंग काय," ती कडवट हसली, "आख्ख्या गावाले घेऊन जाऊ ऑपरेशनले? या म्हनू, पाहा म्हनू, बसा म्हनू?"

ती टोमण्यानं बोलली, पण मी तिथंच अडकले. आमच्या धंद्यातली एक रीत मी तुम्हाला सांगते. ऑपरेशनमध्ये शरीरातून काही काढलं, खडा असो, गाठ असो, तर ते भांड्यात ठेवून बाहेर आणतात आणि नातेवाइकाला दाखवतात. हे काढलं बघा, म्हणून. एकाला दाखवतात. आणखी चौघांना दाखवू नये, असं कुणी कुठं म्हटलेलं नाही.

मी म्हटलं, "हो. टोळीला घेऊन जाऊ."

तिनं विचारलं, "अन् आतमंदी दुसरंच काई निघालं त?"

"तुम्हाला तसं वाटतं?"

"मले?" ती म्हणाली. "नवरा गेल्यापासून मले कोनी हात धरून उठवलं बी नाई, सिस्टरबाई."

"मग चला तर."

मी सावलीत जाऊन शेवंताबाईला सगळं उघड सांगितलं. गयाबाई तिथूनच ऐकत होती. बाकीच्यांनी खाणं थांबवलं. शेवंताबाई आधी म्हणाली, "पऱ्हाटी पांढरीफट्ट फुटली, वर आभाळ भरून राह्यलं. मालक टोळीच बदलवन." मग म्हणाली, "खरंच गोळा आहे?"

"मला वाटतं, आहे."

"अन् नसला त?"

"नसला, तर तेही तुमच्या डोळ्यांसमोरच निघेल."

तिनं गयाबाईकडे पाहिलं. गयाबाईनं या वेळी मान खाली घातली नाही. शेवंताबाईनं तोंडातला घास गिळला. "जाऊ," म्हणाली. "मालकाले मी पाहून घेते."

यवतमाळच्या दवाखान्यात सोनोग्राफीच्या बाकावर शेवंताबाई गयाबाईच्या शेजारी बसली. तिथंही कुणीतरी विचारलंच, कितवा महिना. शेवंताबाई गरजली, "गोळा आहे तिले! तुले कितवा, तुह्यं पाह्य!" कागदावर गोळाच आला. मी म्हटलं, आता तरी पटलं ना? शेवंताबाई म्हणाली, "मले पटलं. पण कागद गावात कोन वाचते? डोयानं पाह्यलेलं सांगाले लागते."

ऑपरेशनच्या दिवशी सगळी टोळी एका काळ्या-पिवळ्या जीपमधून आली. आत बसल्या त्यांच्या मांडीवर दुसऱ्या. जीप थांबल्यावर त्या एकीमागून एक निघतच राहिल्या. दारावरचा शिपाई हबकला. सर्जनबाई कडक होत्या. मी त्यांना विनंती केली तेव्हा म्हणाल्या, "सिस्टर, हे काय प्रदर्शन आहे? एक नातेवाईक, बस." मी त्यांना बांधावरचं बोलणं सांगितलं. शब्दाला शब्द, वऱ्हाडीतच. इंग्रजीत मला ते सांगता आलं नसतं. त्या हात धूत होत्या. नळ चालू राहिला. मग म्हणाल्या, "कॉरिडॉरमध्ये ओळीनं उभ्या करा. गोंगाट नको."

त्या उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, पायांत शेताची माती, अजिबात आवाज नाही. आत दोन तास लागले असतील. सर्जनबाई स्वतः बाहेर आल्या, मागून वॉर्डबॉय मोठं भांडं घेऊन. वरचं हिरवं कापड काढलं. कलिंगडाएवढा गोळा, वरून गुळगुळीत, राखाडी.

मग मागून एक जण म्हणाली, "अव माय! एवढं घेऊन थे वेचत होती?"

"आपल्याहून जास्ती वेचे," दुसरी म्हणाली.

शेवंताबाई पुढे झाली. "बाई, कापून दाखवा."

सर्जनबाईंच्या कपाळावर आठी आली. "हे तपासणीला पाठवायचं आहे."

"पाठवा. पण आंधी कापा. नाई त गावात म्हनतीन, आत होतं. आमी सगळ्या जनी काम पाडून आलो बाई, अर्धं पाहून कसं जाऊ?"

सर्जनबाईंनी चाकू मागवला. एक छेद दिला. आतून पाणी आलं, पातळ, चहाच्या रंगाचं, आणि भांडंभर पसरलं. पाण्याशिवाय काही नव्हतं. गोळा बसला, जुन्या फुग्यासारखा.

"पानी आहे वं," शेवंताबाई म्हणाली. पुन्हा म्हणाली, "नुसतं पानी." आणि ती त्या कडक बाईंच्या समोर, स्वच्छ फरशीवर, मटकन खाली बसली. तिच्या मागच्या बायांनी पदर तोंडात धरले. कुणी रडत होत्या, एक तर हसत होती, आणि सर्जनबाई मला म्हणाल्या, "सिस्टर, यांना पाणी द्या." मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय म्हणालो, आणि त्याही हसल्या.

जीप परत गेली. शेवंताबाई गेली नाही. गयाबाई शुद्धीवर आली तेव्हा तीच खाटेच्या पायथ्याशी होती. गयाबाईचे ओठ सुकलेले, डोळे पुरते उघडत नव्हते. तिनं पहिलं विचारलं, "पाह्यलं का?"

"पाह्यलं," शेवंताबाई म्हणाली.

"सगळ्याइनं?"

"सगळ्याइनं. मी त कापाले लावलं. पानी होतं, गया. एवढं मोठं पानी. रडू नोको वं, टाके तुटतीन." आणि स्वतः रडत तिनं तिचे डोळे पुसले. ज्या पदरानं पुसले त्यालाच शेतातली पऱ्हाटीची काडी अडकलेली होती. ती मी काढली.

तपासणीचा अहवालही चांगला आला. तो वाचून दाखवायची गावात कुणाला गरज पडली नाही. टोळीनं हातपंपावर, गिरणीत, दुकानाच्या ओट्यावर जाऊन सांगितलं. प्रत्येकीच्या सांगण्यात गोळा थोडा थोडा वाढत गेला. त्याला माझी हरकत नव्हती.

टाके काढल्यावर गयाबाईला घरी पोहोचवायला मी सोबत गेले. जीपमधून ती हळूहळू उतरली. सपाट पोटानं चालायची सवय मोडलेली. पाय जपून टाकत होती. दारात खाटेवर म्हातारी बसली होती. तिला जवळचंही धुरकटच दिसायचं. तिनं हात पुढे केला, सुनेचं मनगट चाचपलं, तिला बाजूला बसवलं आणि सगळ्यांच्या देखत तिच्या पोटावर आपला हात ठेवला. लुगड्यावरून, हलकाच. कितीतरी वेळ तो तिथंच होता.

मग म्हणाली, "एवढे दिवस मले काहून नाई सांगतलं वं?"

गयाबाईनं खाली पाहिलं. "भेव लागे, आत्याबाई. तुमी काय म्हनसान म्हनून."

"काय म्हनली असती मी?"

गयाबाईनं पदर पुढे ओढला.

"सांग ना. काय म्हनली असती?"

शेजारच्या दोघी-तिघी दाराशी थबकल्या होत्या. जीपवाल्यानं गाडी बंद केली. गयाबाईनं मान हलवली, म्हणजे माहीत नाही.

"चाल दवाखान्यात, म्हनली असती," म्हातारी म्हणाली. "आजून काय म्हनतेत, वेडे?"